कुठल्या वाटेला कुठला पाइप

घर बांधायला काढलं की हार्डवेअरच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, चांगला पाइप कुठला?" शहापूर असो, मुरबाड असो की सरळगाव, उत्तर बहुतेक वेळा दुकानात जो साठा असेल त्यावर ठरतं. तो पाइप विहिरीपासून न्हाणीपर्यंत सगळीकडे लागतो, आणि दोन उन्हाळे गेले की कुठेतरी गळायला लागतो. मग दोष कंपनीला. खरं तर एकाच घरात पाण्याच्या वाटेचे चार-पाच टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर पाइपला वेगळा त्रास असतो. उन्हात नीट टिकणारा पाइप गरम पाण्याला चालत नाही, आणि गरम पाण्याचा राजा उन्हात ठिसूळ होतो. म्हणून पाइपाची तुलना करायची ती टप्प्याटप्प्याने.

आपल्याकडे हे मनावर घ्यायलाच हवं. तानसा (१८९२), मोडकसागर आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात, बारवीचा जलाशय मुरबाडात पसरलेला. आणि एप्रिल-मे उजाडला की याच दोन तालुक्यांतले पाडे टँकरची वाट बघतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलं आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा सांधा दिवसाला किमान चार लिटर खातो. अशा दोन-तीन सांध्यांत एका माणसाचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी जातं.

आधी कागद घ्या

दुकानात जाण्यापूर्वी पाण्याची वाट कागदावर काढा. पाणी कुठून येतं (ग्रामपंचायतीचा नळ, विहीर, बोअर की डोंगरातला झरा), मोटार कुठे, टाकी कुठे, खाली उतरणारी लाइन कुठून, न्हाणी आणि मोरी कुठे, गिझर किंवा सोलर कुठे. मग प्रत्येक तुकड्यापाशी चार गोष्टी लिहा. ऊन लागतं का? गरम पाणी जातं का? दाब किती? आणि उद्या गळलं तर तिथे हात पोहोचेल का?

दाबाचा हिशेब सोपा आहे. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ किलो दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. स्लॅबवरची टाकी नळापेक्षा १५ फूट उंच असेल तर नळाशी दाब अर्ध्या किलोच्याही आत. बाजारात मिळणारा पिण्याच्या पाण्याचा कुठलाही प्रमाणित पाइप याच्या कितीतरी पट सोसतो. त्यामुळे टाकीतून उतरणाऱ्या लाइनसाठी "आमचा पाइप २८ किलो सोसतो" या जाहिरातीला काही अर्थ नाही. तिथे पाइप मरतो तो उन्हाने, उष्णतेने, खराब सांध्याने किंवा फावड्याच्या घावाने.

मोटारीपासून टाकीपर्यंतची लाइन मात्र वेगळी. मोटारीच्या पाटीवर 'हेड' मीटरमध्ये लिहिलेलं असतं. त्यातला मोठा आकडा घ्या, दहाने भागा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद राहिला तर लाइनवर साधारण किती किलो येईल ते कळतं. त्याच्या दुपटीचा पाइप घ्या. दुप्पट कशासाठी? आपल्याकडे वीज जाते-येते, मोटार अचानक थांबते, वर चढलेलं पाणी उलटं येऊन नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळतं आणि तो धक्का सगळ्या लाइनला बसतो. खोल बोअरच्या सबमर्सिबलला हा हिशेब चुकवून चालतच नाही.

चार पाइप, चार स्वभाव

यूपीव्हीसी हा सगळ्यात ओळखीचा. पिण्याच्या पाण्यासाठी त्याचं मानक आयएस ४९८५. घरातल्या थंड पाण्यासाठी पांढरा, शेड्यूल (भिंतीच्या जाडीचा वर्ग) ४० किंवा ८० चा यूपीव्हीसीही मिळतो. ताठ, स्वस्त, सोल्युशन लावून जोडता येतो आणि तालुक्यातल्या कुठल्याही मिस्त्रीला तो येतो. त्याचा शत्रू उष्णता. गार असताना तो जेवढा दाब सोसतो त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा तो ६० अंशांवर सोसतो. गिझरच्या लाइनला यूपीव्हीसी लावणं म्हणजे गळती स्वतः भिंतीत गाडून ठेवणं.

सीपीव्हीसी म्हणजे त्याच कुळातला, पण क्लोरीन वाढवून उष्णतेला तयार केलेला. मानक आयएस १५७७८, रंग बहुधा फिकट पिवळसर. ९३ अंशांपर्यंतच्या पाण्याला तो चालतो. नळयोजनेत टाकतात त्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या क्लोरीनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. यात एसडीआर ११ आणि एसडीआर १३.५ असे दोन प्रकार येतात. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी, म्हणून आकडा लहान तेवढा पाइप जाड. गरम लाइनला ११ घ्या. १३.५ थंड पाण्याला चालेल, पण घरात दोन जाडीचे पाइप पडले की मिस्त्री उरलेला तुकडा कुठेही लावतो. सगळीकडे ११ घेतलेला बरा. उन्हाशी आणि तेलाशी मात्र या पाइपचं वैर आहे. खाद्यतेल, काही सीलंट, कीटकनाशकाचे फवारे लागले की तो ताणाच्या जागी बारीक चिरतो.

पीपीआर हिरवा, मानक आयएस १५८०१. तो चिकटवत नाहीत. मशिनवर २६० अंशांना पाइप आणि फिटिंग दोन्ही वितळवून एकजीव करतात. सांधा नीट झाला तर त्याच्याइतका भरवशाचा सांधा दुसरा नाही. पण 'नीट झाला तर' याच्यावर सगळं आहे. २० एमएमला ५ सेकंद, २५ ला ७, ३२ ला ८ अशा वेळा पाळाव्या लागतात. जास्त तापवलं तर आतल्या बाजूला वितळलेल्या प्लास्टिकची कडा येते आणि पाण्याची वाट अरुंद होते. बाहेरून ते दिसतही नाही.

एचडीपीई म्हणजे काळा, गुंडाळीत येणारा लवचीक पाइप. पिण्याच्या पाण्याला आयएस ४९८४. त्यात साधारण अडीच टक्के काजळी मिसळलेली असते, ती त्याला उन्हापासून वाचवते. वाकतो, दगडावर आपटला तरी फुटत नाही, लांब लाइनमध्ये सांधे कमी लागतात. उष्णतेत मऊ पडतो, त्यामुळे गरम पाण्याला नको. काही गावांत रस्त्यातल्या मुख्य लाइनपासून घरापर्यंतची जोडणी निळ्या एमडीपीई पाइपने केलेली दिसते, तो याचाच भाऊ.

पेक्स आणि आतून ॲल्युमिनियमचा थर असलेले संमिश्र पाइप शहरात वापरतात. चांगले आहेत, पण त्यांची फिटिंग आपल्या तालुक्याच्या बाजारात सहज मिळत नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पाइपची नवी जात आली की अमेरिकेतल्या पॉलिब्युटिलीनची गोष्ट आठवावी. १९७८ पासून १९९५ पर्यंत तिकडच्या लाखो घरांत हा राखाडी, लवचीक, स्वस्त पाइप लागला. लोखंडाला पर्याय म्हणून त्याचं मोठं कौतुक झालं. मग नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने पाइप आणि त्याची प्लास्टिकची फिटिंग आतून हळूहळू ठिसूळ होऊ लागली आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या लाइनी भिंतीत फुटल्या. १९९५ मध्ये कंपन्यांना सुमारे ९५ कोटी डॉलरच्या भरपाईची तडजोड करावी लागली. आपण यातून घ्यायचं ते एवढंच की पाइप आणि फिटिंग दोन्ही एकाच दर्जाची हवी, आणि आपल्याच भागात दहा-पंधरा वर्षं टिकलेला माल आधी बघावा.

दुकानात काय बघायचं

रंगावर जाऊ नका. रंग कोणीही मिसळतो. पाइपवर छापलेली ओळ वाचा. तिच्यात आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक, आकार, दाबाचा वर्ग किंवा एसडीआर, तयार झाल्याचा बॅच आणि 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. परवाना कोणाचा आणि कुठल्या मालासाठी आहे हे तिथे दिसतं. दुकानदार रागावला तर रागावू दे. लाखभराचं प्लंबिंग भिंतीत जाणार आहे.

सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाइप (आयएस १३५९२) आणि बिनशिक्क्याचा शेतीचा पाइप पिण्याच्या पाण्याला नको. पीव्हीसी घट्ट राहावं म्हणून त्यात पूर्वी शिशाची संयुगं सर्रास वापरत. ती पाण्यात उतरतात म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये पीव्हीसी पाइपमधल्या शिशावर नियम आणले. त्यामुळे 'लेड फ्री' छापलेला पाइप मागून घ्या.

दोन परीक्षा दुकानातच होतात. यूपीव्हीसीचा बोटभर लांबीचा गोल तुकडा कापून पकडीत निम्म्यापर्यंत दाबा. चांगला पाइप चपटा होतो, पण चिरत नाही. खडूची भुकटी जास्त असलेला पाइप तडकतो. 'जड तो चांगला' हा समज इथे फसवतो, कारण खडू पीव्हीसीपेक्षा जड असतो आणि भेसळीचा पाइप हातात भरभक्कम लागतो. दुसरी परीक्षा काळ्या पाइपची: छोटा तुकडा बादलीत टाका. एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे तरंगलं पाहिजे. बुडालं तर त्यात दुसरं काहीतरी भरलेलं आहे.

आता आकाराचा सापळा, ज्यात भले मिस्त्रीही अडकतात. सीपीव्हीसीचा पाऊण इंची पाइप दुकानात '२० एमएम' म्हणून मिळतो. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर, एसडीआर ११ ची भिंत २ मिलिमीटर, म्हणजे आतली मोकळी वाट सुमारे १८. पीपीआरमध्ये '२० एमएम' हा बाहेरचा व्यास असतो आणि भिंत जाड. पीएन २० या दाबाच्या वर्गात ती ३.४ मिलिमीटर, म्हणून आत उरतात जेमतेम १३. क्षेत्रफळाने पाहिलं तर पाण्याची वाट जवळजवळ निम्मी. शहरात प्रेशर पंप असतो, तिथे हे खपून जातं. आपल्याकडे टाकी स्लॅबवर, दाब अर्धा किलो, आणि मग "पीपीआरला पाणी बारीक येतं" अशी तक्रार. पीपीआर घ्यायचाच असेल तर पाऊण इंचीच्या जागी २५ एमएम घ्या.

सांधा

पाइप क्वचितच मधून फुटतो. गळतो तो सांध्यातून. म्हणून मिस्त्री काम करत असताना शेजारी उभे राहा आणि हे बघा.

पाइप काटकोनात कापलेला हवा, कटरने किंवा बारीक दातांच्या हॅक्सॉ ब्लेडने. कडेची कूस खरवडून काढायची. मग सोल्युशन न लावता पाइप फिटिंगमध्ये घालून बघायचा. तो अर्ध्यावर जाऊन घट्ट व्हायला हवा. सैल होऊन थेट तळाला गेला तर दोन्ही एकमेकांचे नाहीत, बदलून घ्या. दोन्ही पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसायचे. जुलैत आपल्याकडे हवेतच पाणी असतं, तेव्हा तर दोनदा पुसायचे. सोल्युशन पाइपला भरपूर आणि फिटिंगला पातळ लावून, पाव फेरा फिरवत तळापर्यंत दाबायचं आणि तीस सेकंद धरून ठेवायचं. सोडल्यावर लगेच पाइप बाहेर सरकतो, म्हणून हे धरणं महत्त्वाचं. सांध्याभोवती सारखी कडा दिसली की काम झालं. चोवीस तास पाणी सोडू नका.

सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन लागतं. 'थंड लाइन आहे, चालून जाईल' म्हणून साधं पीव्हीसीचं लावू देऊ नका. डबा दाट, जेलीसारखा झाला असेल तर फेकून द्या. थिनर किंवा पेट्रोल घालून तो परत कामाचा होत नाही.

खेड्यात अजून एक पद्धत दिसते: कपलर वाचवायला पाइपचं तोंड जाळावर तापवून फुगवायचं आणि दुसरा पाइप त्यात कोंबायचा. तापवलेल्या जागी भिंत पातळ होते आणि ताण राहून जातो. मोटारीच्या लाइनला तर हे अजिबात करू नका. वाचलेल्या कपलरच्या किमतीपेक्षा एक वाया गेलेली टाकी महाग पडते.

नळ बसवायच्या जागी पितळी आटे असलेलीच फिटिंग वापरा, एफटीए (आतून आटे) किंवा एमटीए (बाहेरून आटे). प्लास्टिकच्या आट्यात लोखंडी निप्पल पिळलं की ते पाचरीसारखं घुसतं आणि तोंड फाकतं. आट्यांना टेफ्लॉन टेप पुरे. लोखंडी जीआय पाइपच्या सवयीने सफेदा आणि सुतळी गुंडाळणारे मिस्त्री आहेत, त्यांना गोडीने थांबवा. त्यातलं तेल सीपीव्हीसीला बाधतं. हाताने घट्ट करून पान्याने एक-दोन फेरे, त्यापुढे नाही.

एचडीपीईला कॉम्प्रेशन फिटिंग. पाइपचं टोक कोनात तासून, किती आत जायला हवं ती खूण करून, त्या खुणेपर्यंत घालून नट आवळायचा. वीज नको, सोल्युशन नको. एकट्या घराला हे फार सोयीचं आहे.

टाकताना

आपली जमीन काळ्या दगडाची, वर हातभर मुरूम. चर खणणं जिवावर येतं म्हणून पाइप बांधावरूनच नेतात. निदान दीड-दोन फूट चर खणाच. खाली-वर चाळलेली माती घाला, टोकदार खडी पाइपला टेकू देऊ नका. उघड्यावर टाकायचाच असेल तर काळा एचडीपीईच. तिथेही राब भाजणीचा विचार करा. मार्चपासून भाताच्या रोपांसाठी शेतात राब पेटतात, डोंगरउतारावर वणवेही लागतात, आणि बांधावरचा पाइप वितळून जातो. राबाच्या जागेपासून लाइन लांबून न्या, ओलांडावीच लागली तर तेवढा भाग पुरा. उंदीर-घुशीही पाइप कुरतडतात. धान्याच्या कणगीजवळून जाणारा तुकडा उघडा ठेवू नका.

एचडीपीई तापला की खूप वाढतो, गार झाला की आखडतो. शंभर मीटरच्या लाइनला वीस अंशांच्या फरकाने ३० ते ४० सेंटिमीटर इतका. भर दुपारी ताणून जोडलेली लाइन रात्री आखडते आणि फिटिंगमधून निसटते. म्हणून नागमोडी टाका आणि शेवटचे सांधे सकाळी गारव्यात आवळा. सीपीव्हीसी इतका वाढत नाही, तरी गरम पाण्याच्या दहा मीटर लाइनला तीस अंशांत दोन सेंटिमीटर धरा. क्लॅम्प तीन-तीन फुटांवर हवेत, पण पाइप आतून सरकेल इतके सैल.

उन्हातला यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी उघडा ठेवू नका. टाकीजवळच्या नळ्या फिक्या रंगाच्या ॲक्रिलिक, पाण्यात मिसळणाऱ्या रंगाने रंगवा. ऑइल पेंट नको.

गिझरला कडक पाइप थेट जोडू नका. मध्ये धातूचा लवचीक कनेक्शन पाइप घाला. गॅस गिझरपाशी किमान फूटभर धातूचा तुकडा ठेवा. सोलरच्या नळ्यांजवळचा पहिला टप्पाही धातूचा हवा, कारण मे महिन्यात घर बंद असताना तिथलं पाणी उकळीपर्यंत जाऊ शकतं, आणि ती उष्णता सीपीव्हीसीच्याही पलीकडची आहे.

चाचणी, आणि माझा निर्णय

प्लास्टरआधी सगळ्या तोंडांना एंड कॅप लावा, पाणी भरताना सगळ्यात उंच टोकातून हवा सावकाश जाऊ द्या, हातपंपाने १० किलो दाब चढवा आणि तासभर काटा बघा. खाली आला तर सांधे एकेक तपासा. हातपंप मिळत नसेल तर टाकी भरून, सगळे नळ बंद करून रात्रभर ठेवा. ही चाचणी कमजोर आहे, तरी न करण्यापेक्षा बरी. हवेच्या कॉम्प्रेसरने चाचणी करू देऊ नका. कोंडलेल्या हवेने प्लास्टिक फुटलं तर तुकडे उडतात.

या दोन तालुक्यांतल्या साध्या घराला मी असं सुचवेन. विहीर, झरा किंवा नळजोडणीपासून घरापर्यंत पुरलेला एचडीपीई. मोटारीपासून टाकीपर्यंत हिशेबाने निघालेल्या वर्गाचा यूपीव्हीसी, रंगवलेला. घरात थंड-गरम दोन्हीला सीपीव्हीसी एसडीआर ११. पीपीआर पाइप म्हणून कमी नाही, पण डोळखांब किंवा टोकावड्याच्या पुढच्या पाड्यावर संध्याकाळी सांधा सुटला आणि वीज नसली, तर वेल्डिंगचं मशिन आणि ते चालवणारा माणूस येईपर्यंत घर कोरडं राहतं. सीपीव्हीसीचा कपलर आणि सोल्युशनचा छोटा डबा घरात ठेवता येतो. जो पाइप तुमच्या गावातला माणूस त्याच दिवशी दुरुस्त करू शकतो, तो तुमच्यासाठी जास्त भरवशाचा.

नवी लाइन सुरू केल्यावर पहिले दोन-तीन दिवस सकाळचं पहिलं पाणी पिऊ नका, झाडांना घाला. भिंतीत जाणाऱ्या प्रत्येक लाइनचे फोटो पट्टी लावून काढून ठेवा, म्हणजे पुढे खिळा मारताना कळेल. आणि चाचणी पूर्ण झाल्याशिवाय गवंड्याला भिंत बुजवू देऊ नका, तो कितीही घाई करो.